तार कोणाची? वीजअपघात, वीज कंपनीची जबाबदारी आणि सभागृह: पनवेलच्या अंगाने एक आढावा

वीजअपघात घडला की पहिला प्रश्न निघतो तो ‘तार कोणाची?’ हा. माणूस कशाने गेला आणि कशाने वाचला असता, हे नंतर. पोलिसांचा पंचनामा, विद्युत निरीक्षकाचा अहवाल, कोर्टातली कैफियत, सगळीकडे मालकी आधी ठरवावी लागते, कारण भरपाईची जबाबदारी मालकीच्या मागोमाग चालते. पनवेलमध्ये हा प्रश्न जास्तच गुंतलेला आहे. १८५२ साली नगरपालिका मिळालेल्या जुन्या पनवेलमध्ये खांबांवरून गेलेल्या उघड्या तारा आहेत. त्याला लागून सिडकोने वसवलेली नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर ही उपनगरे. तिथली वीज बहुतांशी जमिनीखालच्या केबलमधून येते. १ ऑक्टोबर २०१६ रोजी महापालिका झाली तेव्हा २९ गावे तिच्यात आली; गावठाणे शहरात गेली, पण वाहिन्या महावितरणच्याच राहिल्या. रस्त्यावरचा दिवा कुठे महापालिकेचा तर कुठे अजून हस्तांतराच्या कागदांत अडकलेला. रुळांवरची २५ हजार व्होल्टची तार रेल्वेची, खारघरच्या ४०० केव्ही उपकेंद्राकडे येणारे मनोरे महापारेषणचे, सोसायटीच्या आवारातली केबल सोसायटीची. केबलवाला आणि इंटरनेटवाला याच खांबांना आपल्या तारा गुंडाळून जातात, आणि अपघातानंतरच्या हिशेबात त्यांचे नाव सहसा कुठेच नसते.

जबाबदारीचा विचार करण्याआधी धक्का कसा बसतो हे नीट पाहावे लागते, कारण कोर्टातले निम्मे वाद तिथेच अडलेले असतात. घरात येणारी वीज २३० व्होल्टची. कोरड्या कातडीचा विरोध काही हजार ओहम असतो. अंग ओले असले की तो हजाराच्या आसपास उतरतो आणि शरीरातून जाणारा प्रवाह दोनशे मिलिअँपिअरच्या वर जातो. हृदयाची लय बिघडायला याचा चौथा हिस्साही पुरतो. पेटीतल्या फ्यूजला मात्र याची गंधवार्ता नसते. तो वितळतो पंधरा, तीस, शंभर अँपिअरला, म्हणजे माणूस मारणाऱ्या प्रवाहाच्या शेकडो पटीने. फ्यूज तार वाचवतो, डीपी वाचवतो. माणसाला वाचवण्याचे काम गळती पकडणाऱ्या ३० मिलिअँपिअरच्या स्विचचे, ज्याला इलेक्ट्रिशियन अजूनही ‘ईएलसीबी’च म्हणतात. तो घराच्या बोर्डात बसवता येतो. रस्त्यावरच्या पेटीत तो नसतो.

ती रस्त्यावरची पेटी जवळून पाहण्यासारखी असते. सिडकोच्या उपनगरांत पदपथाच्या कडेला कंबरेएवढ्या उंचीचे लोखंडी कपाट उभे असते, त्याला फीडर पिलर म्हणतात; त्याहून लहान तो मिनी पिलर. आत तिन्ही फेजचे कटआउट, खालून आलेल्या केबलची तोंडे, एका कोपऱ्यात अर्थिंगची पट्टी. अनेक ठिकाणी दार भंगारात गेलेले असते आणि त्याजागी निवडणुकीच्या फ्लेक्सचा तुकडा सुतळीने बांधलेला असतो. फ्यूज उडून उडून कंटाळलेल्या कोणीतरी कटआउटमध्ये जाड तारेचा वेटोळा घातलेला असतो. अर्थिंगची पट्टी गंजून जमिनीलगत तुटली असेल, तर आत एखादी केबल पेटीच्या पत्र्याला चिकटताच सगळे कपाट २३० व्होल्टचे होते आणि फ्यूज उडत नाही. कळंबोली, कामोठे, खारघरचे भाग खाडीलगतच्या सखल जमिनीवर भराव घालून उभे राहिले आहेत, पावसाचे पाणी साठवायला तिथे धारण तलाव ठेवावे लागले आहेत. मोठा पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की रस्त्यावर पाणी चढते आणि पिलरचे पाय त्यात बुडतात. त्या पाण्यातून शाळेतून घरी निघालेल्या मुलाला पेटीला हात लावण्याचीही गरज उरत नाही.

डोक्यावरच्या तारेची गोष्ट वेगळी. तार तुटून पडली की लाइन आपोआप बंद होते, असा सार्वत्रिक समज आहे. ओल्या चिखलात पडली तर बहुधा होते. पण ११ केव्हीची तार कोरड्या डांबरावर, मुरमावर किंवा कातळावर पडली, तर जमिनीत जाणारा प्रवाह इतका थोडा असतो की उपकेंद्रातल्या रिलेला तो नेहमीच्या भारातच जमा दिसतो. तार जमिनीवर पडून जिवंत राहते. यावर जुना उपाय आहे: रस्ता ओलांडणाऱ्या तारांखाली ‘गार्डिंग’, म्हणजे जमिनीशी जोडलेल्या तारांची जाळी. तुटलेली तार आधी जाळीवर पडते, प्रवाह एकदम वाढतो, लाइन उडते. मधल्या पट्ट्यात तारा एकमेकींवर आपटू नयेत म्हणून स्पेसर, आणि खांबाच्या ताणतारेत चिनी मातीचा इन्सुलेटर, हे असेच स्वस्तातले उपाय. ताणतारेतला इन्सुलेटर नसल्याचे बहुतेक वेळा अंग घासायला आलेल्या म्हशीच्या मरणाने कळते.

उंचीचे आणि अंतराचे आकडे नियमात ठरलेले आहेत. रस्ता ओलांडणारी कमी दाबाची तार जमिनीपासून किमान ५.८ मीटर, ११ केव्हीची ६.१ मीटर, इमारतीपासून आडवे अंतर ११ केव्हीपर्यंत किमान १.२ मीटर. १९५६च्या भारतीय वीज नियमांत हे आकडे होते, केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षाविषयक विनियमांत ते आले, आणि २०२३ मध्ये त्या विनियमांची नवी आवृत्ती निघाली. गावठाणांत या आकड्यांची कसोटी लागते. नवी मुंबईसाठी जमिनी गेल्यानंतर कुटुंबे वाढली, ‘गरजेपोटीची घरे’ उभी राहिली, एक मजली घरावर दोन मजले चढले, आणि जी तार छपराच्या वर होती ती खिडकीसमोर आली. रस्ता तिथेच आहे, तार तिथेच आहे, घर पुढे सरकले आहे. नियम सांगतो की तारेखाली किंवा शेजारी बांधकाम करणाऱ्याने आधी वीज कंपनीला कळवावे आणि वाहिनी हलवण्याचा खर्च द्यावा. तो हेही सांगतो की अंतर राखण्याचे काम कंपनीचे आहे. बांधकाम परवानगी देणारे किंवा न देता डोळेझाक करणारे कार्यालय तिसरेच. २०१७ साली नागपुरात घराजवळून गेलेल्या उच्चदाबाच्या वाहिनीमुळे दोन जुळ्या भावांचा जीव गेला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली. शहरभर पाहणी झाली आणि वाहिन्यांना धोकादायकरीत्या चिकटलेली बांधकामे हजारोंनी निघाली. दोष वीज कंपनीचा, बिल्डरचा की नगररचना खात्याचा, हा प्रश्न त्यातून पुढे आला.

आता कायदा. हिंदुस्थानातला विजेविषयीचा पहिला कायदा १८८७ चा, आणि त्याचा विषयच विजेच्या वापरातून माणसाला व मालमत्तेला होणाऱ्या धोक्यापासून रक्षण हा होता. वीज विकण्याचा धंदा तेव्हा इथे रुजायचाच होता. १९०३ चा आणि मग १९१० चा कायदा आला तो परवाने, रस्ते खोदण्याचे हक्क, पुरवठ्याच्या अटी घेऊन. अपघाताची खबर देण्याचे कलम त्यात होते, पण कायद्याचा जीव पुरवठ्यात होता. हा कल पुढे शतकभर टिकला, आणि त्यात मराठी लोकप्रतिनिधींचा वाटा मोठा आहे. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे कामगार खात्याबरोबर पाटबंधारे आणि वीजही होती. स्वस्त आणि भरपूर विजेवाचून उद्योगीकरण नाही, हा त्यांचा आग्रह होता. १९४८ चा वीज (पुरवठा) कायदा संसदीय सभागृहात नेला तो काकासाहेब गाडगीळांनी, खाण व वीज खात्याचे मंत्री म्हणून. त्या कायद्याच्या पोटी राज्य वीज मंडळे जन्मली. महाराष्ट्राचे १९६० मध्ये. २००१ मध्ये नवे वीज विधेयक मांडले गेले तेव्हा ऊर्जामंत्री सुरेश प्रभू होते आणि ते २००३ मध्ये मंजूर झाले तेव्हा अनंत गीते. दोघेही कोकणातून निवडून गेलेले खासदार. या साऱ्या चर्चांत वीज कशी निर्माण करायची, कोणी वाटायची, दर कोणी ठरवायचा, चोरी कशी थांबवायची, यावर अफाट खल झाला. बहुतेक देशात वीजच नव्हती तेव्हा तसे होणे स्वाभाविक होते. २००३ साली ते तितकेसे स्वाभाविक नव्हते.

१० जून २००३ पासून लागू झालेल्या वीज कायद्यात १८५ कलमे आहेत. कलम ५३ नुसार सुरक्षेचे नियम केंद्रीय वीज प्राधिकरणाने करायचे. कलम १६२ नुसार राज्याने विद्युत निरीक्षक नेमायचे. कलम १६१ नुसार अपघात झाला की ज्याची वाहिनी त्याने खबर द्यायची. २००५ च्या नियमांप्रमाणे जीवितहानीची माहिती कळल्यापासून चोवीस तासांत तातडीचा निरोप आणि अठ्ठेचाळीस तासांत ठरलेल्या नमुन्यात लेखी अहवाल. शिक्षांचा भाग शेजारी ठेवून वाचला तर कायद्याचा कल लपत नाही. कलम १३५ प्रमाणे वीजचोरीला तीन वर्षांपर्यंत कैद. कायद्याखालचे आदेश वा नियम न पाळणाऱ्याला कलम १४६ प्रमाणे तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली वेगळा नोंदता येतो, आणि नोंदला जातोही. पण तो बहुधा त्या भागाच्या लाइनमनवर किंवा कनिष्ठ अभियंत्यावर येऊन थांबतो. दहा वर्षे पिलर न बदलण्याचा निर्णय ज्या टेबलावर झाला, तिथवर फिर्याद पोचत नाही.

भरपाईचे काय? कलम ५७ आहे, आणि ते वाचून आशा वाटते: सेवेचा ठरलेला दर्जा राखला नाही तर परवानाधारकाने ग्राहकाला भरपाई द्यावी. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाचे २०२१ चे पुरवठा संहिता व कृतीच्या मानकांचे विनियम याच कलमावर उभे आहेत. नवी जोडणी उशिरा दिली, फ्यूज गेल्याची तक्रार वेळेत निवारली नाही, मीटरचे वाचन चुकले, अशा प्रत्येक कसुरीसमोर रक्कम छापलेली आहे. मृत्यूसमोर नाही. मग ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जावे, तर मंचाच्या नियमांत काही विषय दाराबाहेर ठेवले आहेत: अनधिकृत वापर, वीजचोरी आणि कलम १६१ खालचे अपघात. दिवसभर वीज गेली म्हणून मंचापुढे बसता येते. त्याच तारेने घरातला माणूस गेला तर तिथे बसता येत नाही. हे मुद्दाम कोणी दुष्टाव्याने केलेले नाही. अपघात हा चौकशीचा विषय, गाऱ्हाण्याचा नव्हे, असा मसुदाकारांचा हिशेब. पण चौकशी करणाऱ्याला भरपाई ठरवण्याचा अधिकार दिलेला नाही, हे त्या हिशेबातून सुटले.

विद्युत निरीक्षकाचा अहवाल काय सांगतो, तेवढे नेमके समजून घेतले पाहिजे. अपघाताचे कारण काय, आणि सुरक्षेच्या तरतुदी कितपत पाळल्या गेल्या होत्या, एवढेच त्याने सांगायचे. तो जागेवर जातो, तारेची उंची मोजतो, अर्थिंग तपासतो, फ्यूजची तार कोणत्या जाडीची ते पाहतो, जबाब घेतो, आणि कोणत्या विनियमाचा भंग कोणाकडून झाला ते लिहितो. महावितरणची मदत बऱ्याच अंशी या कागदावर अवलंबून असते: तातडीची थोडी रक्कम लगेच, उरलेली अहवालात कंपनीचा दोष निघाल्यावर. म्हणजे ज्या दस्तऐवजाला भरपाई ठरवण्याचा अधिकार नाही, तोच व्यवहारात भरपाईची किल्ली होऊन बसतो. त्यात आणखी एक अडचण आहे. निरीक्षक राज्याच्या ऊर्जा विभागाचा. ज्या कंपनीचा दोष काढायचा ती महावितरणही राज्याच्याच मालकीची, त्याच विभागाच्या छायेतली. शिवाय या यंत्रणेकडे विद्युत शुल्काच्या वसुलीसारखी महसुली कामे आहेत, नव्या जोडण्यांची तपासणी आहे. निरीक्षक प्रामाणिक नसतात असे यातून निघत नाही. त्यांच्या अहवालाकडे मृताच्या घरचे संशयाने का पाहतात, याचे कारण मात्र इथेच आहे.

कायद्याने सोडलेली जागा कोर्टांनी भरली. कोर्टांच्या या भूमिकेचे मूळ १८६८ च्या इंग्लंडमधील रायलँड्स विरुद्ध फ्लेचर निकालात आहे: धोकादायक वस्तू आपल्या जमिनीवर आणून ठेवणाऱ्याने ती सुटून नुकसान झाले तर, निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही तरी, भरून द्यावे. या ‘कठोर दायित्वा’ला अपवाद होते, दैवी आपत्ती आणि तिऱ्हाइताचे कृत्य हे त्यांतले मुख्य. दिल्लीतल्या ऑलियम वायुगळतीनंतर सर्वोच्च न्यायालयाने घातक उद्योगांसाठी हे अपवादही काढून टाकले. विजेच्या बाबतीतला महत्त्वाचा निकाल ११ जानेवारी २००२ चा, मध्य प्रदेश विद्युत मंडळाविरुद्धचा. १९९७ च्या ऑगस्टमधली पावसाळी रात्र, पाणी साचलेला रस्ता, त्यात पडलेली जिवंत तार आणि सायकलवरून घरी निघालेला माणूस. मंडळाने सांगितले की ती तार कोणीतरी आकडा टाकून ओढलेली होती, आमची नव्हे. न्यायालयाने हा बचाव मानला नाही. इतकी घातक वस्तू लोकांच्या वस्तीतून नेणाऱ्याने ती चोरली जाणार नाही, तुटली तरी जिवंत राहणार नाही, याची यंत्रणा ठेवायची असते. दुसऱ्याच्या खोडसाळपणामागे त्याला लपता येत नाही. आकड्याचा मुद्दा पुढे करणाऱ्या प्रत्येक वकिलाला तेव्हापासून या निकालाला आधी तोंड द्यावे लागते.

दुसऱ्या बाजूचे निकालही आहेत, आणि ते कमी सांगितले जातात. १९९९ मध्ये ओडिशाच्या आणि २००० मध्ये तमिळनाडूच्या वीज यंत्रणांविरुद्धच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की घटनेबद्दलच वाद असेल तर उच्च न्यायालयाने अनुच्छेद २२६ खाली रिटमध्ये भरपाई देऊ नये. पुरावा दिवाणी कोर्टात घ्यावा. रिट म्हणजे महिन्या-वर्षाचा मार्ग, दिवाणी दावा म्हणजे दशकाचा. कंपनीने घटना नाकारली की कुटुंब पहिल्या मार्गावरून दुसऱ्यावर ढकलले जाते, आणि नाकारायला खर्च येत नाही. याउलट जिथे घटना निर्विवाद असते तिथे रकमा मोठ्या होऊ लागल्या आहेत. हरियाणात घराच्या छतावरील उघड्या तारेने दोन्ही हात आणि एक पाय गमावलेल्या चार वर्षांच्या मुलाला साठ लाखांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये कायम केली. आयुष्यभराचा औषधोपचार, कृत्रिम अवयव, सोबतीला लागणारा माणूस, असा एकेक हिशेब तिथे झाला. परिपत्रकातल्या ठोक रकमेत असा हिशेब नसतो.

कंपनीची स्वतःची माणसे मरतात तेव्हाचा कायदा त्या मानाने स्वच्छ आहे. लाइनवर चढण्याआधी उपकेंद्रातून परमिट घ्यायचे, लाइन बंद झाल्याची खात्री करायची, डिस्चार्ज रॉड लावून दोन्ही बाजूंनी अर्थ करायचा, मग हात घालायचा. वादळी रात्री, सोसायट्यांचे फोन चालू असताना, यातले एखादे पाऊल गाळले जाते. कधी सगळे नीट करूनही एखाद्या इमारतीचा जनरेटर नीट न अलग केलेल्या जोडणीतून उलटी वीज पाठवतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, खांब हजारोंनी आडवे झाले, आणि पुढचे कित्येक दिवस महावितरणचे लाइनमन, म्हणजे ‘जनमित्र’, आणि कंत्राटी कामगार अशाच स्थितीत काम करत होते. कर्मचारी भरपाईचा कायदा त्यांच्या बाजूने आहे: कामगार कंत्राटदाराचा असला तरी मुख्य मालकाकडून भरपाई मागता येते, आणि रक्कम वय व पगारावरून तक्त्याने निघते. रस्त्याने जाणाऱ्याच्या मृत्यूला असा तक्ता नाही.

पनवेलकरांपुढे ‘तार कोणाची’ हा प्रश्न लवकरच आणखी गुंतण्याची शक्यता आहे. २००३ च्या कायद्याच्या कलम १४ प्रमाणे एकाच भागात दुसऱ्या कंपनीलाही स्वतःच्या वाहिन्यांनिशी वितरणाचा परवाना मिळू शकतो. २०२२ मध्ये अदानी समूहाच्या कंपनीने भांडुप, ठाणे, नवी मुंबई, पनवेल, खारघर, तळोजा, उरण अशा पट्ट्यासाठी समांतर परवान्याचा अर्ज आयोगाकडे केला, आणि त्याविरोधात ४ जानेवारी २०२३ रोजी तिन्ही सरकारी वीज कंपन्यांचे कर्मचारी संपावर गेले. चर्चा खासगीकरणाची, दराची, नोकऱ्यांची झाली. एका पदपथाखाली दोन कंपन्यांच्या केबल आणि वर दोन रंगांचे पिलर आले, तर पाण्यातून धक्का बसलेल्याच्या वारसांनी कोणावर दावा लावायचा, हा प्रश्न त्या गदारोळात ऐकू आला नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये लोकसभेत मांडलेल्या वीज दुरुस्ती विधेयकात तर एकाच्या तारांवरून दुसऱ्याने वीज विकण्याची कल्पना होती. ग्राहक एकाचा, तार दुसऱ्याची. ते विधेयक मंजूर झाले नाही, पण कल्पना मेलेली नाही.

सभागृहात हा विषय येतो तो ठरलेल्या वाटांनी. तारांकित प्रश्न, नियम १०५ खाली लक्षवेधी सूचना, नियम २९३ खालची चर्चा, ऊर्जा विभागाच्या मागण्यांवरची कपात सूचना. प्रश्नाचा साचा पिढ्यान्‌पिढ्या तोच: अमुक ठिकाणी अमुक दिवशी शॉक लागून मृत्यू झाला हे खरे आहे काय, असल्यास चौकशी केली काय, असल्यास काय कारवाई केली वा करण्यात येत आहे, नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत. उत्तरही तयार असते. हे खरे आहे, किंवा अंशतः खरे आहे. विद्युत निरीक्षकांचा अहवाल प्राप्त झाला आहे. वारसांस मदत अदा केली आहे. विलंबाचा प्रश्न उद्भवत नाही. या साच्याला नावे ठेवणे सोपे आहे, पण त्याचा उपयोगही आहे. प्रश्न लागला की अडकलेला अहवाल सुटतो, अडकलेला धनादेश निघतो, आणि मंत्र्याने सभागृहात दिलेला शब्द आश्वासन समितीच्या दप्तरी जातो. पनवेलच्या एखाद्या गल्लीतल्या गंजक्या पिलरसाठी आमदाराच्या पत्राइतके लागू औषध अजून सापडलेले नाही.

मर्यादा दुसरीकडे आहे. असे प्रश्न एकेका घटनेचे असतात आणि मागणी जवळजवळ नेहमी रकमेची असते. सभागृहात आवाज चढतो तो मदत वाढवा म्हणून; ती कोणत्या हक्काने मिळते, न मिळाल्यास कोणाकडे जायचे, अहवाल किती दिवसांत आला पाहिजे, हे क्वचित विचारले जाते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी उच्चदाब वाहिन्या बंद पडून मुंबई काही तास अंधारात गेली, तेव्हा चौकशी समित्या बसल्या, अहवाल आले, त्यांवर महिनोन्‌महिने बोलले गेले. देशात विजेच्या धक्क्याने होणारे मृत्यू राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडच्या अहवालांत दरवर्षी बारा हजारांच्या वर आहेत. ते एकेकट्याने होतात, म्हणून त्यांची समिती बसत नाही.

राज्याच्या विधिमंडळाला इथे किती वाव आहे? वीज हा समवर्ती सूचीतला विषय आहे, नोंद ३८. सुरक्षेचे तांत्रिक विनियम केंद्राकडे असले तरी निरीक्षक राज्याचा, वितरण कंपनी राज्याची, नियम करण्याचे काही अधिकार राज्याचे. अहवालाला मुदत घालणे, तो वारसांना आपोआप देणे, निरीक्षकांना महसुली कामातून मोकळे करणे, हे मुंबईत बसून करता येण्यासारखे आहे. भरपाईचा तक्ता आयोगामार्फतही आणता येतो: ओडिशाच्या वीज नियामक आयोगाने २०२० मध्ये वीजअपघातग्रस्तांच्या भरपाईचे स्वतंत्र विनियम काढले. त्यावर आक्षेप हा की कंपनीने दिलेली भरपाई शेवटी वीजदरात शिरेल आणि ग्राहकच ती भरतील. आक्षेप खरा आहे, पण अर्धा. दरात काय धरायचे आणि काय कंपनीच्या माथी मारायचे हे आयोगच ठरवतो, आणि निष्काळजीपणाची भरपाई दरात न धरण्यापासून त्याला कोणी अडवलेले नाही.

मेहेरबानीची रक्कम आणि हक्काची रक्कम यांतला फरक पनवेलला नव्याने शिकवण्याची गरज नाही. इथून अनेकदा विधानसभेवर आणि पुढे कुलाब्यातून लोकसभेवर गेलेले दि. बा. पाटील नवी मुंबईसाठी गेलेल्या जमिनींवरून लढले ते नेमके याच फरकासाठी. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातल्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले, आणि त्या लढ्यातूनच साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व पुढे आले. सरकार ज्याला मदत म्हणत होते त्याला लोक वाटा म्हणू लागले आणि तो वाटा टक्क्यांत लिहून घेतला गेला. वीजअपघाताच्या बाबतीत महाराष्ट्रात तसा कोणताही आकडा अजून कायद्यात लिहिलेला नाही.

तोवर वारसांपुढे ज्या वाटा आहेत त्या विखुरलेल्या आहेत. कंपनीकडे अर्ज ही सर्वांत रुळलेली. कंपनीची सेवा घेणारा ग्राहक म्हणून अलिबागच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार, पण मृत व्यक्ती रस्त्याने जाणारी असेल तर ती ‘ग्राहक’ कशी, यावर पहिली तारीख जाते. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम २२-अ मध्ये वीजपुरवठा ही लोकोपयोगी सेवा धरलेली असल्याने स्थायी लोक अदालतीकडेही जाता येते. ही वाट कमी खर्चाची आहे आणि फारच थोड्यांना ठाऊक आहे. शेवटची वाट १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्याखालचा दिवाणी दावा. कोणत्याही वाटेने गेले तरी लागणारे कागद तेच: पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, कंपनीने निरीक्षकाला दिलेल्या खबरीची प्रत, निरीक्षकाचा अहवाल, त्या जागेचे तारखेसह फोटो. फोटो त्याच दिवशी काढलेले हवेत, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी पिलरला नवे दार बसलेले असते. दिवाणी दाव्याची मुदत दोन वर्षांची आहे, ग्राहक तक्रारीचीही दोनच. दाव्याची दोन वर्षे मोजली जातात ती मृत्यूच्या दिवसापासून, निरीक्षकाचा अहवाल हाती पडला त्या दिवसापासून नव्हे.